जपानी कोळीगीत

कॅसेट सुरू केली की गाणं लागायच्या आधी साडेसहा सेकंद नुसती खरखर ऐकू येई. लतिका सप्रेने ती घड्याळ लावून मोजली होती. एकदा नव्हे, पाचदा. आणि पाचही वेळा उत्तर साडेसहाच आलं होतं. मग ड्रम धडधडत आणि त्या वर्षी अमेरिकेतल्या प्रत्येक रेडिओवर दर अर्ध्या तासाला लागणारं एक नाचाचं गाणं सुरू होई. फक्त ते गाणारी बाई जपानी होती आणि गातही जपानीतच होती. चाल तीच, ठेका तोच, मधला सॅक्सोफोनचा टाहोही तोच. शब्द तेवढे वेगळे.

१९८६ सालच्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या नोव्हाय गावात अशी कॅसेट जवळ बाळगणं ही साधी गोष्ट नव्हती. तिथून अर्ध्या तासावर डेट्रॉइट. तिथले मोटारींचे कारखाने एकेक करून ओस पडत होते आणि त्याचं खापर जपानच्या डोक्यावर फुटत होतं. लतिकाचा नवरा पुरुषोत्तम एका अमेरिकन मोटार कंपनीत ब्रेकचा इंजिनियर होता. कंपनीत दुपारच्या जेवणाला रोज जपानचा उद्धार होई आणि पुरुषोत्तम तो रिकाम्या डब्याबरोबर संध्याकाळी घरी आणी.

"ही कुठली कॅसेट?" त्याने एकदा विचारलं होतं.

"ऑफिसातल्या एकीने दिली," लतिका म्हणाली. चौदा वर्षांच्या संसारातलं तिचं हे पहिलं खोटं. सवय नसल्यामुळे तिला त्यानंतर दोन वेळा उचकी लागली.

कॅसेट दिली होती मिस्टर ओकादांनी. मोटारींचे रंग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीने जवळच शाखा उघडली होती, तिचे ते मुख्य. मुलाखत संपवून लतिका निघाली तेव्हा आतल्या खोलीत हे गाणं वाजत होतं आणि पांढरे कोट घातलेली चार माणसं त्या ठेक्यावर रंग ढवळत होती. लतिका थबकली. तिला हसू आलं. ओकादांनी तत्काळ कॅसेट काढून, डबीत घालून, दोन्ही हातांनी तिला दिली. पुढच्या आठवड्यात पत्र आलं. रंग प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून आपली निवड झाली आहे, पंधरा सप्टेंबरपर्यंत कळवावे.

आता खरं म्हणजे यात अडण्यासारखं काय होतं? लतिका नागपूरची एम.एस्सी. पांढऱ्या रंगाच्या अकरा छटा ती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या सांगू शकत असे. तरी एका छोट्या रंग कंपनीत ती नऊ वर्षं टेक्निशियनच होती, आणि तिचा साहेब नऊ वर्षं तिला 'लॉटी' म्हणत होता. ही नोकरी तिला हवी होती. इतकी हवी होती की पत्र वाचल्यावर तिने बेसिनमधली सगळी भांडी विसळली आणि मग लक्षात आलं, ती आधीच घासून ठेवलेली होती. पण पत्र आलं त्याच संध्याकाळी पुरुषोत्तम चपातीचा तुकडा मोडत म्हणाला होता, "आमचा तो एड आहे ना, त्याचा मेहुणा जपान्यांकडे लागला. एडने त्याला थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येऊ नको म्हणून सांगितलं. बरोबरच आहे. काही लाज?"

लतिकाने पत्र लपवलं. कुठे, तर मंडळाच्या घटनेच्या फायलीत. ती महाराष्ट्र मंडळाची आठ वर्षं सेक्रेटरी होती आणि त्या आठ वर्षांत घटना उघडून बघायची वेळ कोणावरही आली नव्हती. घरात याहून सुरक्षित जागा नव्हती. रोज सकाळी ती ठरवी, आज सांगायचं. रोज संध्याकाळी पुरुषोत्तम एडबद्दल काहीतरी सांगे.

सगळं बिघडलं ते दीपामुळे. दीपा त्यांची मुलगी, वय वर्षं बारा. गाडीत लतिका कॅसेट काढायला विसरली आणि दीपाने ती ऐकली.

"मॉम! हे तर तेच साँग आहे! धिस इज सो वीअर्ड! आय लव्ह इट!" आणि एका दमात पुढे, "गणपतीच्या प्रोग्रॅमला आम्ही हे करू?"

गणपतीच्या कार्यक्रमात मुलांनी गाणं म्हणायचं, हा मंडळाचा रिवाज. मुलांनी ते म्हणायला नकार द्यायचा, हाही रिवाजच. दीपा आणि तिच्या तीन मैत्रिणींना इंग्रजी गाणं हवं होतं, आणि ते नियम चौदाप्रमाणे बंद होतं. 'कार्यक्रमात हिंदी अथवा इंग्रजी गाणी सादर करता येणार नाहीत.' हा नियम लतिकानेच टाइप केला होता.

इथे एखादी शहाणी बाई 'नाही' म्हणून मोकळी झाली असती. पण लतिकाला अचूक बोलायची खोड. ती म्हणाली, "नियमात हिंदी आणि इंग्रजी म्हटलंय. जपानीचा उल्लेख नाही."

"येस्स!" दीपा किंचाळली आणि फोनकडे धावली. लतिकाच्या लक्षात आलं की आपण काहीतरी सांडलं आहे, आणि ते पुसायला फडकं पुरणार नाही.

कमिटीची बैठक शोभाताईंच्या बेसमेंटमध्ये झाली. शोभाताई सप्र्यांच्या शेजारच्या घरात राहत आणि जगातल्या सर्व विषयांवर सल्ला देत. अध्यक्ष होते राजाराम उपासनी, वय साठ, मंडळाचे संस्थापक. हातात येईल तो कागद खणखणीत आवाजात वाचून दाखवायची त्यांना आवड होती. तिसरे विष्णू गद्रे. प्रत्येक संस्थेत हरकत घेणारा एक माणूस लागतो, ते काम ते बिनपगारी करत.

"माझी हरकत आहे," गद्रे म्हणाले. "उद्या कोणी रशियन गाईल."

"शब्दांचा अर्थ काय आहे, सप्रेबाई?" राजारामरावांनी विचारलं. "गणपतीसमोर काही भलतंसलतं नको."

"मला माहीत नाही."

"मग विचारा ना कोणाला तरी! एवढ्या जपानी कंपन्या आल्यात," शोभाताई म्हणाल्या. "मी असते तर सरळ फोन लावला असता."

दीपा जिन्यात बसून ऐकत होती. तिच्याकडे बघून लतिकाने दुसऱ्या दिवशी सरळ फोन लावला.

"मिसेस सप्रे!" ओकादांचा आवाज उजळला. "आपल्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत."

"मी... मी त्या कॅसेटमधल्या पहिल्या गाण्याच्या अर्थाबद्दल फोन केला आहे."

"अर्थाबद्दल," ओकादा सावकाश म्हणाले. बहुधा त्यांनी ते लिहून घेतलं.

चार दिवसांनी दोन पानी टाइप केलेलं भाषांतर आलं, तळटीपांसकट. मूळ इंग्रजी गाण्यात एक माणूस दिव्यांच्या झगमगाटात रात्रभर नाचूया म्हणतो. जपानी गाण्यात त्यातलं काहीच नव्हतं. तिथे एक मुलगी संध्याकाळी धक्क्यावर उभी असते. तिचा माणूस होडी घेऊन समुद्रावर गेला आहे, दोरीवर मासे वाळत घातले आहेत आणि वारा सुटला आहे. तळटीप तीन : हा मासा फक्त उत्तरेकडच्या बेटावर मिळतो.

राजारामरावांनी ते भाषांतर पुढच्या बैठकीत उभं राहून वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"धक्का. होडी. वाळत घातलेले मासे. दर्यावर गेलेला धनी." त्यांनी चष्मा काढला. "अहो, हे कोळीगीत आहे!"

"जपानी," गद्रे म्हणाले.

"असेना! कोळी तो कोळी. लोकसंगीत विभागात घाला."

"मग लुगडी नेसवायला हवीत," शोभाताई लगेच म्हणाल्या. "कोळणीसारखी, गुडघ्यापर्यंत. माझ्याकडे चार आहेत, टाचून देते. आणि वल्ही हवीत. आमच्या पलीकडच्या डेव्हकडे कनू आहे, छोटी होडी, तिची मागते."

"पण ठेका डिस्कोचा आहे," लतिका हळूच म्हणाली.

"तुम्ही फार विचार करता, लतिका. वल्हं काय, कुठल्याही ठेक्यावर मारता येतं."

आणि निरोप घेता घेता शोभाताई म्हणाल्या, "भाषांतर करणाऱ्या त्या गृहस्थांना बोलवा की हो! गणपतीला कोणी नाही म्हणतं का?" यावर राजारामराव उजळले. मंडळाला तीन वर्षांत प्रमुख पाहुणा मिळालेला नव्हता. शाल आणि नारळ मात्र दर वर्षी आणले जात आणि दर वर्षी राजारामराव ते स्वतःच घरी नेत. लतिकाने तोंड उघडेपर्यंत ठराव मंजूर होऊन इतिवृत्तात गेला होता. इतिवृत्त तीच लिहीत होती.

शब्द उतरवून घ्यायचं कामही तिच्याकडेच आलं. कॅसेट थांबवत, मागे नेत तिने सगळं गाणं कागदावर उतरवलं. देवनागरीत. जपानी उच्चार त्या लिपीत इतके चपखल बसले की तिला प्रयोग जमल्यासारखा आनंद झाला.

"मॉम, आम्हाला हे वाचता येत नाही," दीपा म्हणाली.

"मग शिका."

आणि त्या शिकल्या! मंडळाची रविवारची मराठी शाळा सहा वर्षं 'क कमळाचा' याच्या पुढे सरकली नव्हती. जपानी डिस्को गाण्यासाठी चारही मुली अठरा दिवसांत काना, मात्रा, वेलांटीसकट वाचायला लागल्या. राजारामरावांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ते नेमके कशामुळे भरून आले हे मात्र त्यांना सांगता येईना.

कार्यक्रम होता शनिवारी, तेरा तारखेला. सोमवारी पंधरा. पत्र फायलीतच होतं.

हॉल मोटार कामगारांच्या युनियनचा होता. दुसरा कुठलाच मिळाला नव्हता. दाराशी मोठी पाटी होती : 'परदेशी गाड्या उभ्या केल्यास उचलून नेल्या जातील.' राखणदार वॉल्ट ही पाटी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत असे. पार्किंगची व्यवस्था पुरुषोत्तमकडे होती. त्याने कंपनीतून नारिंगी जाकीट आणलं होतं आणि आठवडाभर तो ते घरात घालून बघत होता.

साडेतीनला मोदक घेऊन येणारा पुरुषोत्तम चार वाजले तरी आला नव्हता. लतिका खिडकीशी उभी राहिली. सव्वाचारला युनियनच्या आवारात एक चकचकीत जपानी गाडी शिरली. पांढरी, अकरांपैकी चौथी छटा. पुढच्या सीटवर नारिंगी जाकिटातला एक माणूस शक्य तितका खाली घसरून बसला होता, आणि त्याच्या मांडीवर मोदकांचं ताट होतं.

झालं होतं असं. पुरुषोत्तमचा पेट्रोलच्या काट्यावर विश्वास नव्हता. काटा तळाला लागल्यावरही गाडी पंचवीस मैल जाते, असं तो इंजिनियर म्हणून सांगत असे. त्या दिवशी ती एकोणीस मैलांवर थांबली. तीन अमेरिकन गाड्या हात दाखवूनही थांबल्या नाहीत. चौथ्या गाडीत ओकादा आणि त्यांचे तीन सहकारी होते. त्यातला एक उठून मागे दाटीवाटीने बसला आणि पुरुषोत्तमला पुढची जागा मिळाली.

वॉल्ट दारात उभाच होता. "पुरू," तो दुःखाने म्हणाला, "तू सुद्धा?"

"वॉल्ट, हे आमचे चीफ गेस्ट आहेत. गणपतीचे पाहुणे."

"पाटी आहे, पुरू. मला ही उचलावी लागेल."

पुरुषोत्तमने पाटी पाहिली, गाडी पाहिली, मग आत जाऊन मंडळाच्या दोन सतरंज्या आणल्या आणि गाडीवर पसरल्या. वर कडेने झेंडूचं तोरण टाकलं. वॉल्टने भोवती एक चक्कर मारली.

"मला सतरंजी दिसतेय," तो शेवटी म्हणाला. "सतरंजीबद्दल पाटीवर काही नाही."

मोदक ठेवायला पुरुषोत्तम स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "माणूस सज्जन आहे गं," तो कुजबुजला. जपान्याबद्दल असं बोलताना आवाज खाली घ्यायची त्याला सवय होती. "वाटेत सारखं म्हणत होता, मिसेस सप्रेंच्या उत्तराची वाट बघतोय. कसलं उत्तर?"

"कार्यक्रम किती वाजता आहे, त्याचं," लतिका म्हणाली आणि तिला उचकी लागली.

राजारामरावांनी ओकादांना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि 'जपानी कोळीगीतांचे गाढे अभ्यासक' अशी त्यांची ओळख करून दिली. ओकादांना त्यातलं काही समजलं नाही. ते तीनदा वाकले आणि नारळ मांडीवर घेऊन स्टेजवर गणपतीच्या डाव्या हाताला ताठ बसले.

माइक आणि टेप सांभाळणाऱ्या गिरीशने टेप सुरू केला. साडेसहा सेकंद खरखर. मग ड्रम, आणि लुगडी नेसलेल्या चार मुली कनूची वल्ही मारत स्टेजवर आल्या. पहिल्या कडव्याला सभागृह थक्क होऊन बसलं. दुसऱ्या कडव्याला मागून कोणीतरी कोळीनाचातली आरोळी ठोकली. सॅक्सोफोनला पहिल्या रांगेतले तीन जपानी उभे राहिले आणि टाळ्यांचा ठेका धरून गायला लागले. त्यातल्या सर्वांत तरुणाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दीपाचं वल्हं मखराच्या खांबाला लागलं, खांब कलला, आणि ओकादांनी एका हातात नारळ धरून दुसऱ्या हाताने तो शेवटपर्यंत धरून ठेवला. आपण यासाठीच बोलावले गेलो आहोत, असा त्यांचा चेहरा होता.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा विष्णू गद्रे उभे होते.

"माझी हरकत आहे. हे घटनेत बसतं का? इथे, आत्ता, घटना वाचून दाखवावी."

"अवश्य!" राजारामराव गरजले. त्यांना वाचायला सांगणारा माणूस प्रथमच भेटत होता. "सप्रेबाई, फाइल!"

लतिका फाइल घेऊन विंगेत उभी होती. सेक्रेटरी होती, फाइल आणणं तिचं काम. "मी शोधून देते," ती म्हणाली. पण राजारामरावांनी ती तिच्या हातातून घेतलीसुद्धा, माइकसमोर उघडली आणि सर्वांत वरचा कागद उचलला. एकदा कागद हातात आला की तो कसला आहे हे बघायला ते थांबत नसत.

"डिअर मिसेस सप्रे! आमच्या रंग प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून आपली निवड झाल्याचे कळवताना अत्यंत आनंद..." इथे त्यांचा आवाज जरा अडखळला, पण इतक्या वेगात असलेला माणूस एकदम थांबू शकत नाही. "...पंधरा सप्टेंबरपर्यंत उत्तर अपेक्षित. आपला, के. ओकादा."

ओकादा आपलं नाव ऐकून उठले आणि वाकले.

दोनशे माणसं आधी लतिकाकडे वळली, मग मागच्या दाराशी उभ्या असलेल्या नारिंगी जाकिटाकडे. शांतता पसरली. लतिकाने सवयीने मोजली. साडेसहा.

"लतिका," पुरुषोत्तम म्हणाला. "हे कधी आलं?"

"सात आठवडे झाले."

"आणि तू घटनेत ठेवलंस?"

"तिथे कोणी बघत नाही."

"हे मात्र खरं," गद्रे म्हणाले. आठ वर्षांत ते प्रथमच कशाला तरी सहमत झाले होते.

मग सल्ल्यांचा बांध फुटला. शोभाताई म्हणाल्या, घ्यावी, पण आधी पार्ट टाइम. कोणी म्हणालं, पुरुषोत्तमरावांच्या कंपनीत कळलं तर त्यांचं काय? कोणी म्हणालं, कळलंच, वॉल्ट उभाय ना. वॉल्टने दीपाकडून सगळं समजून घेतलं आणि विचारलं, "दातांचा विमा देतात का?" तरुण जपान्याने मान डोलावली. "मग घे," वॉल्ट म्हणाला.

"मी बाहेर सतरंज्या टाकत होतो," पुरुषोत्तम स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "माझ्या मांडीवर मोदक होते. यांच्या गाडीत. आणि सगळ्यांना माहीत..."

"कोणालाच माहीत नव्हतं, अहो," लतिका म्हणाली.

"शांतता!" राजारामरावांनी माइकवर टिचकी मारली. आपण काहीतरी मोडलं आहे हे त्यांना कळलं होतं आणि ते त्यांना ठाऊक असलेल्या एकमेव पद्धतीने जोडायचं होतं. "प्रश्न सभेपुढे आहे. सप्रेबाईंनी ही नोकरी स्वीकारावी, या मताचे जे असतील त्यांनी हात वर करावेत. सेक्रेटरींनी मोजावेत."

हात वर जायला लागले. लतिका मोजायला लागली. आठ वर्षं मंडळाच्या सभांतले हात तिनेच मोजले होते; कोणी प्रश्न विचारायला वर केला आहे आणि कोणी डोकं खाजवायला, हे तिला लांबून समजत असे. एकवीस, बावीस. दीपाचं वल्हं, ते धरावं का? धरलं. एकोणतीस. लहान मुलांना मताधिकार नव्हता, पण त्या क्षणी तिला तो नियम आठवला नाही. चाळीस. गद्रे तटस्थ. ओकादांनी, सगळे करतात म्हणून, नारळ वर केला.

मागच्या दाराशी नारिंगी बाही हलली. हळूहळू खांद्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. ना वर, ना खाली. पुरुषोत्तम तिच्याकडे बघत होता. एड, थँक्सगिव्हिंग, जेवणाचं टेबल, सगळं त्या बाहीला धरून खाली ओढत होतं, आणि बाही खाली जात नव्हती.

हा हात एक धरायचा की अर्धा, हे लतिकाला ठरवता येईना. मग तिला वाटलं, आपण हे का मोजतोय?

तिने पेन्सिल कानामागे अडकवली. राजारामरावांच्या पुढ्यातला माइक स्वतःकडे वळवला. तो नेहमीप्रमाणे आधी किंचाळला. ती त्याची किंचाळी संपेपर्यंत थांबली.

"मोजणी बंद," ती म्हणाली. "मी ही नोकरी घेतेय."